मामांची रायफल आणि माझा पॉलिशपेपर

आमच्या घराण्यात एक रायफल आहे आणि तिच्याबद्दल एक गोष्ट आहे. गोष्ट अशी, की आईचे वडील मराठा पलटणीत हवालदार होते, इटलीत जर्मनांशी लढले आणि साहेबानं खूश होऊन त्यांना त्यांची थ्री-नॉट-थ्री बक्षीस दिली. लहानपणी मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव आणि आमचे आजोबा माझ्या डोक्यात बराच काळ एकच माणूस होते.

मागच्या वर्षी मामा गेले. दिवसपाणी झालं, आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी वाटणीच्या कागदात रायफलीचा रकाना आला. किंमत काय लिहायची? ह्यूस्टनच्या मामेभावानं तिकडच्या कुठल्याशा लिलावाचा फोटो पाठवला. हुबेहूब तशीच रायफल, तोच लाकडी दस्ता, तोच पुढे डोकावणारा मॅगझिनचा डबा, आणि खाली दोन हजार डॉलरच्या पुढचा आकडा. "आपली तर वॉर व्हेटरनची आहे, कमीत कमी दुप्पट धर," असा त्याचा निरोप. मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, तू आयुष्यभर कारखान्यात मोजमापंच केलीस ना? तूच बघ."

मी भोसरीच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. गेज, मायक्रोमीटर, भिंग हे माझे हत्यार. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लोखंडावर मारलेला शिक्का वाचता येतो, एवढ्या भांडवलावर मी हो म्हणालो.

पहिली अडचण म्हणजे रायफल बघायची कुठे? परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही. वारसांनी ते पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक बंदूकवाल्याकडे जमा करायचं असतं. आमची तर आधीच जमा होती, कारण निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. निकाल लागले, पण मामा तेव्हा दवाखान्यात होते आणि ती सोडवायची राहून गेली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. जमा केली तेव्हा तिला चामड्याचा पट्टा होता, मिळाली तेव्हा नव्हता. पावतीवर पट्ट्याचा उल्लेख नाही, म्हणजे विषय संपला. मग ताईनं, म्हणजे मामेबहिणीनं, रीतसर अर्ज करून ती कॅम्पातल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे हलवली. महिन्याचं ठेवणावळ भाडं वेगळं.

तिथे जायच्या आधी मी महिनाभर वाचन केलं. निवृत्त माणसाला काय, रात्री दोनपर्यंत वाचता येतं.

ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, ही रायफल जगभर इतकी पसरली की तिच्यावर लोकांनी जन्म काढलेत. तिचा मार्क थ्री हा नमुना १९०७ चा. पहिल्या महायुद्धात खर्च आणि वेळ वाचवायला तिच्यातले काही भाग गाळले, मग ती मार्क थ्री-स्टार झाली. बंगालात कलकत्त्याच्या वर इशापूरला सरकारी रायफल कारखाना, तिथेही ती वर्षानुवर्षं बनली. दस्त्याच्या पुढे, बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, हॅंडलखाली एक लोखंडी कॉलर असते, तिच्यावर मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल, सगळं एकाखाली एक. बासष्टच्या चीन युद्धात आपले जवान हीच घेऊन उभे होते. २००८ मध्ये सीएसटीवर हल्ला झाला तेव्हा आपल्या काही पोलिसांच्या हातात अजून थ्री-नॉट-थ्रीच होती.

परदेशातला संग्राहक हिची किंमत कशी करतो, ते मला ताबडतोब पटलं, कारण ते आमच्याच धंद्यातलं शहाणपण आहे. तो आधी नंबर बघतो. ॲक्शनवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा), नळीवरचा, बोल्टवरचा, नळीच्या पुढच्या टोपीवरचा, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीवरचा. सगळे एक असले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे. एखादा वेगळा असला तर कुठल्यातरी डेपोत तिचा तो भाग बदललाय. बोल्ट वेगळा असेल तर नुसती किंमत कमी होत नाही, जीवालाही धोका. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यामधली फट ठरावीक मापातच असावी लागते, आणि ती तपासायला आमचेच गो आणि नो-गो गेज वापरतात, एक बसायलाच हवं, दुसरं बसता कामा नये. पुढच्या नंबर फोर रायफलीत तर बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा चार मापांत यायची, फट वाढली की मोठं डोकं लावा. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून सांगितलं. तिला झाला नाही.

मग लाकूड. जुनं तेल पिऊन काळं पडलेलं, ठेचाळलेलं लाकूड चालतं, किंबहुना तेच हवं असतं. घासून, व्हॉर्निश मारून चकाकवलेलं नको. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या रायफली इतक्या स्वस्त विकल्या गेल्या, की लोकांनी लाकूड कापून, नळी छाटून त्यांच्या शिकारी बंदुका केल्या. आज त्या कापलेल्यांना अस्सलच्या मानानं फार कमी भाव येतो.

आणि नळीचं आतलं अंग. आमच्या सोसायटीत खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. तो कारखाना १८६९ चा, काका त्याच्या वयाचा उल्लेख स्वतःच्या वयासारखा अभिमानानं करतात. ते म्हणाले, "जुन्या लष्करी काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत क्षार राहतो. मीठच समज. ते हवेतलं पाणी ओढतं. गरम पाण्यानं धुतलं नाही तर पुण्याच्या एका पावसाळ्यात नळी देवीच्या व्रणांसारखी होते." म्हणून नळीतून उजेडाकडे बघायचं. पीळ, म्हणजे आत कोरलेले पिळाचे चर, धारदार आणि आतलं अंग आरशासारखं स्वच्छ असेल तर एक भाव, खड्डे असतील तर दुसरा.

एवढी तयारी झाल्यावर मी ह्यूस्टनला एक सहज प्रश्न टाकला, की तुझ्याकडे पण आहे ना एक जुनी? त्यानं अफगाणिस्तानातून परतलेल्या एका सैनिकाकडून घेतलेली मार्टिनी-हेन्री, म्हणजे जुनी इंग्रजी लष्करी रायफल, दिवाणखान्यात टांगलीय. तिकडे १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार कायद्यानं बंदूकच धरत नाहीत, ॲंटिक धरतात, त्यामुळे घ्यायला सोपं. त्यानं मोठ्या हौसेनं फोटो पाठवले. मुकुट, खाली व्ही. आर., म्हणजे राणी व्हिक्टोरिया. खाली एनफिल्ड, म्हणजे कारखान्याचं नाव. आणि साल १९०६.

राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली. एनफिल्डमधला एन आरशात बघितल्यासारखा उलटा होता. पाकिस्तानातल्या दरा आदम खेलच्या बाजूला पठाण कारागीर हातानं अशा बंदुका बनवत आलेत. शिक्के डोळ्यांनी उतरवायचे, अक्षर ओळख नसेल तर उलटसुलट व्हायचे. मी त्याला एवढंच कळवलं की राणीच्या मृत्यूची तारीख बघ. दोन दिवस निरोप आला नाही. मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण त्या कारागिराचं कौतुक मात्र खरंच वाटलं. लेथ नसताना असं काम करणं म्हणजे खायचं काम नाही.

अखेर एका मंगळवारी मी, ताई आणि भिंग असे कॅम्पात गेलो. दुकान म्हणजे लांबट, अंधारी खोली, काचेच्या कपाटात एअरगन, मागे लोखंडी जाळीचा दरवाजा. मालक सत्तरीचे. त्यांनी आतून आमची रायफल आणली, आधी बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतुसाचं घर, रिकामं दाखवलं, मग गल्ल्यावर वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. मी इतक्या वर्षांनी ती बघत होतो. लहानपणी वाटायची त्यापेक्षा आखूड निघाली.

मी भिंग लावलं, आणि पहिल्या मिनिटात आजोबांची इटली संपली. मुकुट नव्हता. राजाची अक्षरं नव्हती. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आणि नळीवर ८ एम. एम. मालक हसले. "साहेब, ही थ्री-फिफ्टीन. थ्री-नॉट-थ्री असती ना, तर मी तुमच्याशी नाही, तुम्ही पोलिसांशी बोलत असता."

हे मात्र मला पुस्तकांनी नीट सांगितलं नव्हतं. थ्री-नॉट-थ्री आपल्याकडे सामान्य माणसासाठी बंद बोअर, म्हणजे त्या मापाच्या नळीची बंदूक त्याला ठेवता येत नाही. कारण साधं आहे. लष्कराचं काडतूस चोरून आणलं तरी ते लोकांच्या बंदुकीत बसता कामा नये. म्हणून इंग्रजांच्या काळातच वेगळ्या मापाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनू लागल्या. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं केल्या, पुढे इशापूरनं. यंत्र तेच ली-एनफिल्डचं, नळी थ्री-फिफ्टीन, म्हणजे .३१५ इंच, मॅगझिन दहाऐवजी पाच गोळ्यांचं. गंमत म्हणजे ते काडतूस ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर रायफलीच्या काडतुसाचंच रूप आहे. म्हणजे रायफलीचा सांगाडा दोस्तांचा, माप शत्रूचं, आणि काम ओतूरच्या उसातली रानडुकरं हाकायचं.

ताईनं पिशवीतून मामांची फाईल काढली. जुन्या परवान्यात आजोबांचं नाव, पहिली नोंद १९६८ ची. त्यात एक पावतीही घडी घालून ठेवलेली. दुकान पुण्याचंच, कॅम्पातलंच, हे नाही, कधीच बंद झालेलं दुसरं. म्हणजे आजोबा पलटणीतून येऊन वीसेक वर्षांनी, पेन्शनीच्या पैशातून, रांगेत उभं राहून ती विकत आणली. किंमतीचा कोपरा कसरीनं खाल्लेला. सगळ्या फाईलमध्ये कसरीला तेवढंच सापडावं?

मग मालकांनी परवाना एका हातात, ठाण्याची जमा पावती दुसऱ्या हातात धरली आणि चष्मा वर केला. "नंबर बघा."

परवान्यावर शेवटचा आकडा इंग्रजी आठ. ठाण्याच्या पावतीवर इंग्रजी तीन. रायफलीच्या ॲक्शनवर, उजव्या बाजूला जिथे नंबर असतो तिथे, शेवटचा आकडा तीनही वाटेल आणि आठही. डावी बाजू जवळजवळ सपाट. जमा करून घेणाऱ्या हवालदारानं जे दिसलं ते लिहिलं, त्याचं काही चुकलं नाही. परवान्याला यू. आय. एन., म्हणजे संगणकातल्या यादीतला ओळख नंबर, मिळाला तेव्हा संगणकात आठ गेला, तो जुन्या कागदावरून. पन्नास वर्षांत लोखंड आणि कागद कुणी समोरासमोर आणलेच नव्हते.

"किती येतील हिचे?" ताईनं विचारलं.

"नंबर जुळेपर्यंत ही बंदूक नाही ताई, भानगड आहे. भानगडीचा भाव मी काय सांगू?"

मी काही बोललो नाही. कारण त्या जागेवर लोखंड असं गुळगुळीत का झालंय, ते त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा. कोयता, विळा, मामांचा सायकलचा पाना आणि रायफल. १९७४ साली मी तेरा वर्षांचा होतो, दिवाळीच्या आधीपासूनच कसब्यातल्या वाड्यात मुक्कामाला. पाऊस लांबला होता आणि ॲक्शनवर बारीक तांबेरा आलेला. मामा म्हणाले, देवापुढे ठेवायचीय, चकचकीत कर. बोल्टला हात लावायचा नाही, बाकी कर. त्यांनी दिलेल्या फडक्यानं निघेना, तेव्हा मी सुताराच्या पेटीतून पॉलिशपेपर काढला. दुपारभर घासलं. दस्ताही घासला, त्यावर दरवाज्यातलं उरलेलं व्हॉर्निश मारलं. मामांनी पाठीवर थाप मारली, आजोबांनी चार आणे दिले. पुढची तीन वर्षं ते काम माझ्याकडेच होतं. म्हणजे संग्राहकाच्या लेखी एखाद्या रायफलीचं जेवढं नुकसान घरगुती साधनांनी करता येतं तेवढं मी हौसेनं केलेलं आहे, आणि आता मलाच किंमत करायला बसवलं होतं.

पण त्या आठवणीतच एक वाक्य होतं: बोल्टला हात लावायचा नाही.

मी मालकांना म्हटलं, बोल्ट पूर्ण बाहेर काढता का? त्यांनी तो मागे ओढला, पुढचं डोकं अंगठ्यानं वर फिरवलं आणि अख्खा बोल्ट माझ्या हातात दिला. तेलकट, थंड, हाताला अंदाजापेक्षा जड. हॅंडल जिथे बोल्टला मिळतं तिथे मागच्या अंगाला काळा मळ धरलेला. मी रुमालानं पुसला, वर टाल्कम पावडरची चिमूट टाकली, बोटानं पसरली आणि जादा उडवली. आमच्या इन्स्पेक्शनची ही जुनी युक्ती, बारीक शिक्का पांढरा होऊन वर येतो. सगळा नंबर आला. शेवटचा आकडा आठ, दोन्ही गोल पूर्ण, कडा अशा ताज्या की कालच मारल्यासारख्या.

मालकांनी मोबाईलचा टॉर्च ॲक्शनला अगदी आडवा लावला. आता माहीत असल्यावर तिथेही आठच्या डाव्या कडेची सावली दिसायला लागली. केसाएवढी, पण होती. त्यांनी दोन्हींचे फोटो काढले आणि पहिल्यांदाच मला "साहेब" न म्हणता "या, चहा घ्या" म्हणाले.

दुरुस्तीच्या अर्जाला सात फेऱ्या लागल्या, त्या सांगत नाही.

भावाचं बोलतो. नंबर जुळल्यावर मालकांनी नळी उजेडाकडे धरून बघितली, मला दाखवली. पीळ चांगले, चेंबरजवळ थोडे खड्डे. लाकडाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या व्हॉर्निशचं इथे कुणालाच सोयरसुतक नव्हतं, कारण इथे गिऱ्हाईक संग्राहक नसतो. तो परवाना असलेला शेतकरी असतो नाहीतर ज्याला दिवाणखान्यात वजन हवंय असा माणूस. पहिल्याला ती चालायला हवी. दुसऱ्याला परदेशी नाव हवं. बाहेरून बंदुका आणणं सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद असल्यामुळे जुन्या राजेरजवाड्यांच्या इंग्लिश आणि जर्मन रायफलींचे भाव आकाशाला भिडलेत. माल तेवढाच, वाढणार नाही. इशापूरची थ्री-फिफ्टीन मात्र सरकार बनवत राहिलं, तिला दुर्मिळपण कुठून येणार? त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा ज्याच्याकडे तिसरं होतं त्याला ते काढावं लागलं. मालकांच्या जाळीमागे तशा बऱ्याच उभ्या होत्या.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं लिहिलं: पंचावन्न हजार. "त्यात आजोबांची इटली फुकट," असंही म्हणाले. मी वाटणीच्या कागदात पंचावन्न लिहिलं. ह्यूस्टनहून आलेल्या निरोपात एकच शब्द होता, "एवढेच?" आणि त्याखाली, बऱ्याच वेळानं, मार्टिनीचे आणखी तीन फोटो, या वेळी दुसऱ्या बाजूचे.

ताई वारस म्हणून परवान्याला अर्ज करू शकली असती, नियमात ती सोय आहे. ती म्हणाली, मला घरात पंख्याच्या वर झुरळ चालत नाही, रायफल कुठे ठेवू? मामींचंही मत विकायचंच पडलं. मालकांनी गिऱ्हाईक आणलं, पुरंदर तालुक्यातला अंजिराचा बागायतदार. परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, आमचा कागद पोलीस आयुक्तालयाचा, म्हणजे दोन कचेऱ्या. शिवाय खाजगी विक्रीत आधी लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. ते दिवस परवाच्या शुक्रवारी भरले.

बागायतदार चाळिशीतला, शांत माणूस. त्यानं नंबर बघितला नाही, शिक्के बघितले नाहीत. खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोखली, खाली घेतली आणि मला विचारलं, "काका, नेम कसा आहे हिचा?"

मी म्हटलं, "मी कधी उडवलेली नाही. नुसती घासलीय."